तंजावरचे सरफोजीराजे आणि इंग्रजी क्रियापद

कावेरीच्या काठचे तंजावर शहर मराठी मनाला जवळचे वाटते, ते तेथील भोसल्यांच्या राज्यामुळे. शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी सतराव्या शतकाच्या अखेरच्या पर्वात तेथे गादी स्थापिली आणि त्यानंतर सुमारे पावणेदोनशे वर्षे तमिळ देशाच्या मध्यभागी मराठी भाषेचा दरबार नांदला. या घराण्यातील विद्याव्यासंगी राजपुरुषांत दुसरे सरफोजीराजे यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते. सरस्वती महालाचे ग्रंथसंग्राहक म्हणून त्यांची कीर्ती सर्वत्र आहे. परंतु त्याच तंजावरात, एका जर्मन धर्मोपदेशकाच्या समाधिशिलेवर, या मराठी राजाने स्वतः रचिलेली एक लहानशी इंग्रजी कविता कोरलेली आहे, ही गोष्ट फारशी कोणाच्या ध्यानी नसते. भारतीय माणसाने केलेल्या अगदी आरंभीच्या इंग्रजी पद्यरचनांत तिची गणना होते. ज्या काळी मुंबई-पुण्याच्या मराठी मुलाला इंग्रजी मुळाक्षरांचेही दर्शन दुर्लभ होते, त्या काळी परभाषेच्या क्रियापदांवर एवढे प्रभुत्व मिळविणाऱ्या या राजाची जीवनकथा प्रत्येक मराठी विद्यार्थ्याने जाणून घ्यावी अशी आहे.

सरफोजीराजांचा जन्म २४ सप्टेंबर १७७७ रोजी भोसले कुळाच्या एका शाखेत झाला. तंजावरचे तुळजाजीराजे पुत्रवियोगाने व आजाराने खचलेले होते. त्यांनी १७८७ च्या आरंभी या नऊ वर्षांच्या मुलास दत्तक घेतले. आपला अंत जवळ आला हे जाणून राजांनी मुलाचा हात कोणाच्या हाती द्यावा याचा विचार केला, आणि त्यांची दृष्टी स्वकीयांना सोडून ख्रिश्चन फ्रेडरिक श्वार्ट्झ या मिशनऱ्याकडे गेली. श्वार्ट्झ १७२६ मध्ये जर्मनीत जन्मलेले, १७५० मध्ये तरंगंबाडीस उतरलेले आणि १७७८ पासून तंजावरास स्थायिक झालेले गृहस्थ होते. तमिळ, फारसी, हिंदुस्थानी या भाषा त्यांना येत होत्या आणि दरबाराशी बोलता यावे म्हणून ते मराठीही शिकले होते. त्यांच्या सचोटीवर राजापासून रयतेपर्यंत सर्वांचा विश्वास होता.

तथापि एका संन्यस्त वृत्तीच्या धर्मोपदेशकाने राज्याचा कारभार हाती घ्यावा, हे श्वार्ट्झ यांना प्रशस्त वाटले नाही. राजांचे सावत्र बंधू अमरसिंग यांच्याकडे मुलाचे पालकत्व द्यावे, असा सल्ला त्यांनी दिला. सल्ला सद्‌हेतूचा होता, परंतु त्याचे फळ कडू निघाले. तुळजाजींच्या निधनानंतर पंडितांनी दत्तविधान अशास्त्र ठरविले, कंपनी सरकारने तो निर्णय उचलून धरला आणि अमरसिंग स्वतःच गादीवर बसले. बाल सरफोजी राजवाड्यात जवळजवळ कोंडले गेले. त्यांच्यासाठी शिक्षकाची व्यवस्था नव्हती, समवयस्कांची सोबत नव्हती, मोकळ्या हवेत फिरण्याची मुभा नव्हती. ज्या वयात मूल अक्षरांशी खेळते त्या वयात या मुलाच्या वाट्याला अंधारी खोली आली. आपल्याच सल्ल्याने हे घडले ही टोचणी श्वार्ट्झ यांच्या मनाला लागली असल्यास नवल नाही. त्यानंतर त्यांनी मुलाच्या रक्षणासाठी व शिक्षणासाठी मद्रासच्या अधिकाऱ्यांकडे लेखामागून लेख धाडले. अखेर १७९३ मध्ये तुळजाजीराजांच्या राण्यांसह सरफोजींना मद्रासेस हलविण्यात आले.

मद्रासेत श्वार्ट्झ यांचे सहकारी विल्हेल्म गेरिके यांच्या देखरेखीखाली त्यांचे शिक्षण सुरू झाले. येथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. श्वार्ट्झ आणि गेरिके हे दोघेही जर्मन. इंग्रजी ही त्यांचीही मातृभाषा नव्हती. ती त्यांनी स्वतः नियम, अभ्यास आणि सराव यांच्या बळावर मिळविलेली होती. गुरू आणि शिष्य दोघेही परक्या भाषेच्या उंबरठ्यातून आत आलेले. परभाषा शिकताना पाऊल कोठे अडखळते, हे असा गुरू चांगले ओळखतो.

मराठी विद्यार्थ्याचे पाऊल इंग्रजीत प्रथम अडखळते ते क्रियापदाशी. नामे पाठ करता येतात, विशेषणे जोडता येतात. परंतु वाक्याचा प्राण क्रियापदात असतो, आणि दोन भाषांचे प्राण दोन तऱ्हांनी चालतात. मराठीत मुलगा गेला, मुलगी गेली आणि मूल गेले. क्रियापद कर्त्याचे लिंग अंगावर वागविते. इंग्रजीत तिघांसाठी एकच रूप पुरते. मराठीत मुलाने ग्रंथ वाचला आणि मुलाने पोथी वाचली; भूतकाळी क्रियापद कर्त्याला सोडून कर्माच्या लिंगवचनामागे जाते. इंग्रजी क्रियापद कर्माकडे ढुंकूनही पाहत नाही. मराठीत ‘हे माझे घर’ एवढे म्हटले की वाक्य पुरे होते, ‘आहे’ हे मनातल्या मनात राहिले तरी चालते. इंग्रजी गद्यात मात्र ‘असणे’ या धातूला वगळून चालत नाही, आणि त्या एकाच धातूची ‘ॲम’, ‘इज’, ‘आर’, ‘वॉज’, ‘वेअर’ अशी एकमेकांशी नाते न सांगणारी रूपे मुकाट्याने शिकावी लागतात. उलट मराठीत ‘होवो’, ‘करावे’, ‘येता’ असे जे अर्थ क्रियापदाच्या शेवटी प्रत्यय लावून साधतात, त्यांसाठी इंग्रजीला ‘मे’, ‘शुड’, ‘वुड’ असे सहाय्यक शब्द पुढे उभे करावे लागतात. हे अंतर ज्याला उमगले त्याला इंग्रजी वाक्याची किल्ली सापडली असे समजावे. सरफोजीराजांना ती किशोरवयातच सापडली.

या काळात इंग्लंडातही क्रियापदाचे नियम बांधण्याचे काम जोरात चालू होते. रॉबर्ट लोथ यांचे व्याकरण १७६२ मध्ये व लिंडली मरे यांचे १७९५ मध्ये प्रसिद्ध झाले. म्हणजे मद्रासेत सरफोजी इंग्रजी शिकत असतानाच इंग्रज मुलांच्या हातीही त्यांच्या भाषेची नवी व्याकरणे पडत होती. सॅम्युएल जॉन्सन यांच्या प्रसिद्ध कोशाची १७८४ सालची प्रत आजही सरस्वती महालाच्या संग्रहात आहे. जॉन्सन यांनी आपल्या बृहत्कोशाच्या आरंभी इंग्रजीचे व्याकरणही दिले होते. शब्दाचा अर्थ आणि शब्दाची चाल यांचा अभ्यास एकत्रच करावा, ही दृष्टी त्यामागे आहे.

दत्तविधान शास्त्रसंमत असल्याचा निर्वाळा पुढे पंडितांकडून मिळाला आणि कंपनी सरकारने आपला आधीचा निर्णय फिरविला. परंतु ज्यांनी त्यासाठी अकरा वर्षे झटून प्रयत्न केले, त्या श्वार्ट्झ यांना शिष्याचा राज्याभिषेक पाहणे लाभले नाही. १३ फेब्रुवारी १७९८ रोजी तंजावरास त्यांचे देहावसान झाले. सरफोजीराजे त्यांच्या अंत्यदर्शनास गेले आणि सर्वांदेखत त्यांनी अश्रू ढाळले. चार महिन्यांनी, २९ जून १७९८ रोजी, वयाच्या एकविसाव्या वर्षी ते गादीवर बसले.

गुरूच्या समाधिशिलेवरील ती कविता याच ऋणातून जन्मली. ती अवघ्या काही ओळींची आहे. तिच्यातील शब्द साधे आहेत. परंतु तिची क्रियापदे पाहिली म्हणजे हा विद्यार्थी काय शिकला होता ते कळते. आरंभीचे क्रियापद भूतकाळी आहे आणि ते ‘तू’ या एकवचनी सर्वनामाशी जोडलेले आहे. इंग्रजीत हे ‘दाउ’ त्या वेळी व्यवहारातून उठून गेले होते. ते देवाच्या प्रार्थनेत आणि काव्यात तेवढे उरले होते. मराठी माणूस गुरूला ‘आपण’ म्हणतो, पण आईला आणि विठ्ठलाला ‘तू’ म्हणतो. राजांनी गुरूसाठी दुसरा मार्ग पत्करला. त्यानंतर अनेक ओळी पूर्ण क्रियापदाशिवाय चालतात. गुरूच्या गुणांची, अनाथांना व दुःखितांना दिलेल्या आधाराची मालिका तेवढी येते आणि मध्ये दोन धातुसाधिते येतात, ज्यांतून योग्य ते करणारा आणि योग्य ते दाखविणारा माणूस उभा राहतो. करणे आधी आणि दाखविणे मागून, हा क्रमही ध्यानात ठेवण्याजोगा आहे. मग इच्छार्थक ‘मे’ वाक्याच्या आरंभी येते आणि आपण या पित्यास शोभेसे व्हावे अशी आकांक्षा प्रकट होते. शेवटी इच्छिणे आणि प्रार्थिणे ही दोन क्रियापदे येतात, ती तृतीयपुरुषी जुन्या रूपात. कारण त्यांचा कर्ता ‘मी’ नसून ‘सरफोजी’ आहे. जुन्या मराठी पत्रांत पुत्र पित्यास लिहिताना ‘मी’ म्हणत नसे. अपत्य अमुक याचे साष्टांग नमस्कार, असे स्वतःला दूर उभे करून लिहीत असे. त्या इंग्रजी ओळीत इंग्रजी व्याकरण बिनचूक आहे आणि नम्रतेची रीत मात्र मराठी मनाला ओळखीची आहे.

भूतकाळातील कृतज्ञता, मधली गुणमालिका, मग इच्छा आणि प्रार्थना, असा त्या कवितेचा प्रवास आहे. एवढ्यावर राजे थांबले नाहीत. लंडनच्या धर्मज्ञानप्रसारक संस्थेस त्यांनी पत्र लिहून श्वार्ट्झ यांचे संगमरवरी स्मारक तंजावरास पाठविण्याची विनंती केली. जॉन फ्लॅक्समन या ख्यातनाम शिल्पकाराने घडविलेले ते शिल्प शिवगंगा किल्ल्यातील प्रार्थनामंदिरात आहे. मृत्युशय्येवरील गुरूचा हात हाती धरलेले तरुण राजे त्यात दिसतात. राजे स्वतः शेवटपर्यंत आपल्या कुलधर्माशी एकनिष्ठ राहिले. गुरूच्या धर्मात न जाताही गुरूचे ऋण जाहीरपणे मानता येते, हे त्यांनी आपल्या आचरणाने दाखविले.

परंतु इंग्रजी क्रियापदाचे एक कठोर रूपही त्यांना लवकरच पाहावे लागले. २५ ऑक्टोबर १७९९ रोजी कंपनी सरकारशी तह झाला. राज्याचा मुलकी व लष्करी कारभार कंपनीकडे गेला. राजांकडे तंजावरचा किल्ला व त्याचा परिसर, एक लक्ष पॅगोडा होन आणि निव्वळ वसुलाचा पाचवा हिस्सा एवढेच राहिले. अशा करारनाम्यांची इंग्रजी भाषा ‘शॅल’ या सहाय्यक क्रियापदावर उभी असते. व्याकरणकारांच्या नियमाप्रमाणे प्रथमपुरुषात ते केवळ भविष्य सांगते, परंतु द्वितीय व तृतीय पुरुषात आले की ते भविष्य राहत नाही. त्याचा अर्थ आज्ञा, बंधन, वचन असा होतो. मराठीत ‘करील’ आणि ‘करावे’ यांत जे अंतर, ते तेथे एका लहानशा शब्दाच्या पोटात दडलेले असते. ज्याला ते अंतर कळत नाही तो करार वाचूनही फसतो. सरफोजीराजांना ते कळत होते; पण कळूनही फिरविण्याचे सामर्थ्य त्यांच्या हाती नव्हते. दक्षिणेत टिपू सुलतानाचा पाडाव होऊन सहा महिनेही लोटले नव्हते.

राज्य गेले तेव्हा राजांचे वय बावीस वर्षांचे होते. असा पुरुष विलासात वा वैतागात आयुष्य घालविता, तर इतिहासाला त्याचे आश्चर्य वाटले नसते. सरफोजीराजांनी मात्र जे उरले त्यातून विद्येचे राज्य उभे केले. वाटसरूंना व विद्यार्थ्यांना अन्न-आसरा देणारी छत्रे आपल्याकडेच राहावीत यासाठी त्यांनी कंपनीकडे आग्रह धरला. मुक्तांबा यांच्या स्मरणार्थ ओरत्तनाडु येथे त्यांनी उभारलेल्या छत्रात अन्नाबरोबर विद्याही मिळू लागली. ‘नवविद्या’ हा त्यांचा आवडता शब्द होता. वेदशास्त्रांच्या जोडीला अनेक भाषा आणि पाश्चात्य शास्त्रे शिकविणाऱ्या शाळा त्यांनी चालविल्या.

१८०५ साली त्यांनी तंजावरास ‘नवविद्याकलानिधि’ या नावाने देवनागरी छपाईचा छापखाना उभारला. त्याच वर्षी बंगालमध्ये श्रीरामपूर येथे विल्यम कॅरी यांनी मराठी भाषेचे व्याकरण इंग्रजीतून छापले. एकीकडे परकीय मराठी क्रियापदे समजून घेत होते, तर दुसरीकडे एक मराठी राजा इंग्रजी वाक्ये मराठीत आणवीत होता. राजांच्या आज्ञेवरून सख्खण पंडितांनी इसापच्या कथांचे इंग्रजीवरून मराठी भाषांतर केले. ‘बाळबोध मुक्तावली’ नावाचा हा ग्रंथ तंजावरच्या छापखान्यात छापला गेला. मुद्रित मराठी गद्याच्या अगदी पहिल्या पुस्तकांत त्याची गणना होते. अशा भाषांतरकारापुढे पावलोपावली क्रियापदाचाच प्रश्न उभा राहतो. इंग्रजीतला कोल्हा द्राक्षे पाहतो आणि क्रियापद जागचे हलत नाही. मराठीतल्या कोल्ह्याने द्राक्षे ‘पाहिली’, घड ‘पाहिला’ आणि झाड ‘पाहिले’, असे त्याला दर वेळी वळवून घ्यावे लागते. या कर्तरि, कर्मणि व भावे प्रयोगांची पद्धतशीर मांडणी करणारे दादोबा पांडुरंगांचे मराठी व्याकरण १८३६ मध्ये मुंबईस प्रसिद्ध झाले. तंजावरच्या पंडिताला तसा मार्गदर्शक ग्रंथ हाताशी नव्हता. त्याच्यापाशी केवळ कानाची परीक्षा होती.

इंग्रजीच्या ज्ञानाने राजांचे मराठी सुटले नाही, हे त्यांच्या चरित्राचे मर्म आहे. १८०३ मध्ये त्यांनी तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर भोसले कुळाचा समग्र वृत्तांत मराठीत कोरविला. इतका विस्तृत शिलालेख क्वचितच आढळतो. पाश्चात्य ग्रंथांतून मिळालेले भूगोलाचे ज्ञान त्यांनी ‘देवेंद्र कुरवंजी’ या मराठी नाट्यरचनेत गुंफिले. कुरवंजी हा तमिळ देशीचा लोकप्रिय नाट्यप्रकार, विषय युरोपीय विद्येचा आणि भाषा मराठी, असा तो त्रिवेणी संगम आहे. धन्वंतरी महालात त्यांनी देशी व पाश्चात्य वैद्यकाचा मेळ घातला. नेत्ररुग्णांवर केलेल्या उपचारांच्या सचित्र नोंदी आजही उपलब्ध आहेत.

१८२० ते १८२२ या काळात सुमारे तीन हजार लोकांसह त्यांनी काशीयात्रा केली. यात्रेहून परतताना इतर यात्रिक गंगाजल आणतात. राजांनी गंगाजलाबरोबर हस्तलिखितेही आणविली. नायक राजांच्या काळापासून चालत आलेल्या ग्रंथभांडाराला त्यांनी असे वाढविले की संस्कृत, मराठी, तमिळ व तेलुगू पोथ्यांच्या शेजारी इंग्रजी, फ्रेंच व जर्मन ग्रंथ विराजमान झाले. यांतील पुष्कळ युरोपीय ग्रंथांवर राजांची इंग्रजी स्वाक्षरी आहे. १८२६ च्या मार्च महिन्यात कलकत्त्याचे बिशप रेजिनाल्ड हीबर तंजावरास आले, तेव्हा लाव्हाझिए, लिनियस, ब्यूफाँ यांच्या शास्त्रांवर सहज बोलणारा हा हिंदू राजा पाहून ते चकित झाले. अंधाऱ्या खोलीत शिक्षकावाचून बसलेल्या मुलाने चाळीस वर्षांत गाठलेला हा पल्ला होता.

७ मार्च १८३२ रोजी सरफोजीराजे कालवश झाले. त्यांचे पुत्र शिवाजीराजे १८५५ मध्ये पुत्रसंतानावाचून निवर्तले आणि कंपनी सरकारने तंजावरचे उरलेसुरले संस्थानही खालसा केले. किल्ला गेला, नावाचे सिंहासनही गेले. ग्रंथ मात्र राहिले. १९१८ मध्ये सरस्वती महाल सर्व जनतेसाठी खुला झाला आणि राजांच्या नावाने तो आजही अभ्यासकांना बोलावीत आहे.

ज्या इंग्रजी भाषेत राजांच्या राज्याचा शेवट लिहिला गेला, त्याच भाषेत त्यांनी आपल्या गुरूचे ऋण लिहून ठेविले. तहातील क्रियापदे बंधनाची होती. समाधिशिलेवरील क्रियापदे इच्छेची आणि प्रार्थनेची आहेत. तहाची कलमे आज दप्तरात पडून आहेत. गुरूला शोभेसे व्हावे, ही शिष्याची इच्छा मात्र शिळेवर वाचता येते, आणि तंजावरच्या ग्रंथालयाचा दरवाजा उघडणाऱ्या प्रत्येकाला ती फळास आलेली दिसते.